मुंबईच्या मिरवणुकीतला नाच

गणपती विसर्जनाची मिरवणूक, लग्नाची वरात आणि हळदीची रात्र या तीन प्रसंगी मुंबईतला माणूस रस्त्यावर नाचतो. या नाचाला गुरू नाही, घराणे नाही, पण सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. कोकणातल्या कुणब्यांची जाखडी, कोळ्यांची गाणी, घाटावरच्या महार-मातंग कलावंतांची ढोलकी आणि हलगी, गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचे बँडसंगीत, हिंदी चित्रपट आणि जपानमध्ये जन्मलेले एक तारवाद्य अशा अनेक ठिकाणांहून तो जमत आला. प्रत्येक पिढीला त्यातल्या एखाद्या नव्या गोष्टीचे वेड लागले आणि प्रत्येक वेळी आधीच्या पिढीने त्याला नावे ठेवली. नाच आणि गाणी जातीच्या आणि वर्गाच्या भिंती भराभर ओलांडत गेली. ती वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या माणसांना मात्र त्या भिंती ओलांडणे फार क्वचित जमले. या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून व घाटावरून माणसांचे लोंढे शहरात आले. त्यात बहुतेक पुरुषच. बायकामुले गावी, आणि इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहापंधरा गाववाले. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरणगाव वसले. गावाची जत्रा आणि शिमगा चुकला, तरी त्यातली गाणी चुकवायची नाहीत, या जिद्दीने तिथल्या चाळींतून भजनी मंडळे, दशावतार, नमन-खेळे सुरू झाले. रत्नागिरीकडच्या कुणब्यांनी आपली जाखडी आणली, जिला मुंबईकर बाल्या नाच म्हणू लागले. मधोमध ढोलकी, झांज आणि गाणारे बसतात. भोवती पायात चाळ बांधलेले गडी गोल धरतात, कमरेत वाकून, एक पाय पुढे टाकून, मागे घेऊन फिरतात. लय हळूहळू चढत जाते. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष पुराणातले सवाल-जबाब करतात, आणि पहाटेपर्यंत हटत नाहीत. शहरातल्या सुशिक्षितांना तो गड्यांचा नाच वाटे, कारण तो नाचणारे त्यांच्याच घरी आणि पेढ्यांवर राबत असत. तरीही सामुदायिक नाच शहराच्या रस्त्याला परिचित झाला तो अशा माणसांमुळेच.

१८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती मुंबईतला पहिला मानला जातो. उत्सवाबरोबर मेळे आले. एकसारखे पोशाख केलेली मुले काठ्या किंवा लेझीम घेऊन, पावले टाकत, पदे म्हणत रस्त्याने निघत. पदांच्या चाली नाटकांतल्या आणि लावण्यांतल्या असत, आशय राजकीय असे. त्यामुळे सरकारची त्यांच्यावर नजर राहिली आणि १९१० च्या सुमारास पुष्कळ मेळे दडपले गेले. पुढे मेळे परतले ते अधिक करमणुकीचे होऊन. कित्येक नटांनी आणि गायकांनी पहिला रंगमंच पाहिला तो मेळ्यातच. ब्राह्मणांच्या मुलांनी भर रस्त्यात पावले टाकत गाणे म्हणावे, ही गोष्ट त्याआधीच्या पिढीला रुचली नसती. देवाच्या आणि देशाच्या निमित्ताने ती रुचू लागली.

त्याच काळात तमाशाने मुंबई पेटवली. पिला हाऊसच्या परिसरातल्या नाटकघरांत पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या फडाला गिरणीकामगार गर्दी करत. बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे रेठरे हरणाक्ष गावचे ब्राह्मण. पवळा संगमनेरजवळच्या हिवरगावची महार समाजातली नर्तकी. ब्राह्मण शाहिराने घर, जात, मान सोडून फडात उभे राहावे, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती, याची आज कल्पना येणे कठीण आहे. लावण्यांचे कर्ते म्हणून बापूरावांचे नाव मराठी साहित्याच्या इतिहासात गेले. पवळेचे नाव फार काळ त्यांच्या नावाला जोडूनच घेतले गेले. तमाशाच्या या लोकप्रियतेची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवली. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले होते. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. ज्या नाचावर मुंबई खूश होती, त्याची किंमत कोणाच्या अंगावर पडत होती, हे त्या नकाराने ठणकावून सांगितले.

गिरणगावापासून चारपाच मैलांवर, कुलाबा आणि फोर्टकडे, वेगळेच नाच चालत. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलाच्या बॉलरूममध्ये युरोपियन अधिकारी, पारशी घराण्यांतली तरुण मंडळी, संस्थानिक हे वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट नाचत. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला अमेरिकन कृष्णवर्णीयांचा बँड घेऊन ताजमध्ये आला, त्याच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले आणि मुंबईच्या उच्चभ्रूंना जॅझचे वेड लागले. अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पाहुणे म्हणून प्रवेश मिळणे अवघड होते, ते वादक इथे रात्रीचे नायक झाले. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचे ऐकून, जॅझ उचलला तो गोव्याच्या वादकांनी.

गोव्यात चर्चच्या गावशाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची प्रथा शतकानुशतके होती. प्रार्थनेच्या संगीतासाठी ही मुले तयार होत. मोठी झाली की पोटासाठी ब्रिटिश हिंदुस्थानात येत आणि लष्कराच्या बँडांत, संस्थानिकांच्या दरबारी, मूकपटांच्या पडद्यासमोर आणि हॉटेलांत वाजवत. मुंबईत अनेकांचा मुक्काम धोबीतलाव आणि माझगाव भागातल्या ‘कुडां’त असे. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेले वसतिगृह. भिंतीला लागून प्रत्येकाची एक ट्रंक, रात्री तिच्या शेजारी अंथरूण, एका कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी. खलाशी, आचारी, वादक सगळे एकाच छपराखाली. काळा कोट आणि बो घालून संस्थानिकांना नाचवणाऱ्या माणसाचे मुंबईतले घर एका ट्रंकेएवढे असे. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ त्यांच्यातूनच पुढे आला. ट्रम्पेटवरच्या हुकमतीमुळे त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि त्याने स्वतःचे नाव घेतले चिक चॉकलेट.

हॉटेलातले हे संगीत चाळीपर्यंत पोचायला एक कायदा कारण झाला. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. दारूशिवाय बॉलरूमचा धंदा बसेना. युरोपियन गिऱ्हाईक स्वातंत्र्यानंतर निघून गेलेच होते, संस्थानिकांच्या तिजोऱ्याही आटल्या. वादकांनी मोर्चा वळवला तो दादर, महालक्ष्मी, ताडदेव इथल्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंकडे. हिंदी चित्रपटाच्या संगीतकारांना चाली सुचत, पण तीसचाळीस वादकांच्या ताफ्याला त्या कागदावर लिहून द्यायला स्वरलिपी जाणणारा माणूस लागे. ही ॲरेंजरची जागा गोवेकरांनी घेतली. सॅबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांनी सूरमेळ बांधले, मधले तुकडे रचले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालने आपले गुरू गोन्साल्विस यांची आठवण १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त एका गाण्यातल्या नावाने जपली. ही दाद मिळाली तीही आडवळणाने.

हॉटेल आणि चाळ यांची खरी गाठ पडली ती १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटात. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणे शिकलेले. ‘शहनाई’पासूनच त्यांनी पाश्चात्त्य ठेका हिंदी गाण्यात मुरवायला सुरुवात केली होती आणि त्यावर जुन्या रसिकांनी टीकाही केली होती. ‘अलबेला’त त्यांनी बोंगो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांना मोकळे सोडले, पण मुखड्याची चाल अशी ठेवली की ती मेळ्यातल्या पोरालाही एकदा ऐकून म्हणता यावी. चिक चॉकलेटचा ताफा या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. लता मंगेशकरांच्या बरोबरीने ‘चितळकर’ या नावाने पुरुषी आवाज दिला तो संगीतकाराने स्वतःच.

आणि पडद्यावर नाचत होते भगवान आबाजी पालव. गिरणीकामगाराचे पोर, दादर-परळच्या चाळींत वाढलेले, कुस्तीच्या नादामुळे ‘दादा’ झालेले. मूकपटांच्या काळापासून ते या धंद्यात होते आणि स्वस्तातल्या मारामारीच्या चित्रपटांवर त्यांचा जम बसला होता. त्या चित्रपटांचा प्रेक्षक गिरणगावातला. ‘अलबेला’ त्यांनीच काढला, दिग्दर्शित केला आणि त्यात नायकाची भूमिकाही केली. बुटके, गोलमटोल, चाळिशीकडे झुकलेले नायक. गीता बालीसारखी चपळ नायिका शेजारी असताना त्यांनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. पाऊल जेमतेम वीतभर उचलते. गुडघे किंचित दुमडलेले. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपाशी, कधी एक हात वर, आणि मनगटे तालावर सैल हलतात. खांदे डावी-उजवीकडे झुलतात, मान त्यांच्या मागून येते, चेहऱ्यावर हसू. कसरत नाही, गिरकी नाही. पंचाहत्तर वर्षे झाली तरी मुंबईत ‘भगवान डान्स’ म्हटले की सगळ्यांना हेच डोळ्यांसमोर येते.

हा नाच मिरवणुकीत का रुळला, याचे उत्तर मिरवणुकीच्या रचनेत आहे. मूर्तीपुढची गर्दी दाटीवाटीची असते, पाय फेकायला जागा नसते. ट्रक मुंगीच्या पावलांनी सरकतो, म्हणजे नाचणाऱ्यालाही पुढे सरकत राहावे लागते. वेळ सातआठ तासांची, तेव्हा दम टिकला पाहिजे. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच घोळक्यात असतात. भगवानदादांची पावले या सगळ्या अटींत तंतोतंत बसतात. ती शिकावी लागत नाहीत, आणि चुकली तरी कोणाला कळत नाहीत. शिवाय तो नाच पडद्यावर करणारा माणूस नाचणाऱ्यांपैकीच एक होता. पोट सुटलेल्या, धोतर नेसलेल्या माणसाला नायकासारखे नाचता येते, हा दिलासा त्यात होता. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचावर भगवानदादांची छाप असल्याचे सगळ्यांनी ओळखले, आणि ती पावले पुन्हा एकदा साऱ्या देशात गेली.

भगवानदादांचे स्वतःचे नशीब मात्र उलटे फिरले. नंतरचे चित्रपट पडले. बंगला आणि मोटारी विकून ते दादरच्या चाळीत परतले, आणि इतरांच्या चित्रपटांत गाण्याच्या गर्दीत तीच पावले टाकत मिळेल ती कामे करत राहिले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरचा ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २०१६ मध्ये आला.

चित्रपटातले गाणे रस्त्यावर आणण्याचे काम ब्रास बँडने केले. इंग्रजी पलटणींकडून आलेली ही वाद्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लग्नाच्या वरातीत शिरली होती. पुण्यात प्रभात आणि दरबार या बँडांना मानाच्या गणपतींपुढे जागा मिळाली. १९५४ च्या ‘नागिन’ने बँडवाल्यांना असा एक सूर दिला, की वरातीत आजही तो वाजल्याशिवाय राहत नाही. पडद्यावर ऐकू येणारी पुंगी खरी पुंगी नव्हतीच. हेमंतकुमार यांच्या हाताखाली काम करणाऱ्या कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. बँडमध्ये तो सूर क्लॅरिनेटकडे आला. मग एकाने रुमालाची दोन टोके दातांत आणि मुठीत धरून पुंगी करायची, दुसऱ्याने दोन्ही तळव्यांचा फणा करून समोर डोलायचे, आणि शेवटी नव्या कपड्यांसकट रस्त्यावर लोळायचे. नवरदेवाचे प्रतिष्ठित काका-मामाही त्यात असत. वाजवणाऱ्यांचे लाल गणवेश आणि सोनेरी झिरमिळ्या त्या रात्रीपुरत्या. यातली बरीच माणसे मातंग, मुसलमान आणि इतर कष्टकरी समाजांतली, आणि लग्नसराई संपली की मजुरीवर जाणारी.

लावणीचा प्रवास याच वर्षांत वेगळ्या वाटेने झाला. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. हजारो कलावंतांच्या पोटावर पाय आला. दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर बंदी उठली. फडावर असे निर्बंध येत असतानाच पडद्यावर मात्र लावणीला मान मिळाला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, वसंत पवारांचे संगीत, हंसा वाडकर. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. ज्या घरांतली बाई तमाशाच्या तंबूजवळून जायचे टाळी, त्या घरांतल्या बायका तो चित्रपट पुन्हापुन्हा पाहून आल्या. सुलोचना चव्हाण यांनी तर लावणी थेट दिवाणखान्यात आणली. गिरगावच्या फणसवाडीत वाढलेल्या सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन, जागचे न हलता, ठसक्यात गात. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले. त्यांचे गाणे थोर होतेच. तेच गाणे चाळ बांधून गाणाऱ्या कोल्हाटी किंवा महार समाजातल्या बाईला मात्र तो आदर मिळायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

नायगावच्या गिरणीकामगाराच्या घरात जन्मलेल्या दादा कोंडके यांनी १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून गिरणगावची भाषा आणि ठेका पुन्हा पडद्यावर आणला. त्यांच्या द्व्यर्थी गाण्यांवर सभ्य मंडळींनी खूप झोड उठवली, आणि ती गाणी प्रत्येक गणपतीत वाजली. ‘पांडू हवालदार’साठी दादांनी संगीतकार विजय पाटील आणि त्यांच्या जोडीदाराला राम-लक्ष्मण हे नाव दिले. जोडीदार लवकर वारले, पाटलांनी नाव टिकवले. १९९४ मध्ये त्याच नावाने ‘हम आपके हैं कौन’चे संगीत आले आणि देशभरातल्या सुखवस्तू घरांत लग्नात गाणी-नाच बसवण्याची टूम निघाली. कोंडक्यांच्या सिनेमात तयार झालेला हात त्या साजूक गाण्यांमागे आहे, हे ती गाणी बसवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

१९७० नंतर चाळींतल्या तरुणांना स्वतःचे वाद्य मिळाले. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो याने ताइशोगोतो नावाचे वाद्य केले. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबले की तार योग्य जागी दाबली जाते, उजव्या हाताने ती छेडायची. सतारीसारखी बोटे कापून घ्यायला नकोत, गुरूही नको. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झाले, आणि मुंबई-कोकणात ‘बेंजो’. इथल्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, ॲम्प्लिफायर जोडला, हातगाडीवर किंवा टेम्पोवर जनरेटर आणि भोंगे चढवले. सोबत ढोलकी, कच्छी ढोल, हलगी, पुढे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. बेंजोचा सूर धारदार, थोडा किनरा, आणि म्हणूनच गर्दीच्या गोंगाटातून आरपार जाणारा. गायकाची गरज नाही, कारण शब्द सगळ्यांना पाठ असतात आणि बेंजो फक्त चाल काढतो. दिवसा कारखान्यात, कुरिअरमध्ये, महापालिकेत काम करणारी मुले जुलैपासून रात्री तालीम करू लागतात. हंडी, गणपती, नवरात्र आणि लग्नसराई हा त्यांचा हंगाम. विसर्जनाच्या दिवशी नावाजलेल्या पार्टीला कोणत्या मंडळाने बांधले, यावरून मंडळाची ऐपत मोजली जाते.

याच काळात कॅसेट आली. ग्रामोफोनच्या तबकडीवर मोजक्या कंपन्यांची सत्ता होती आणि कोणाचा आवाज मुद्रित करायचा हे त्या ठरवत. कॅसेट काढणे स्वस्त, विकणे सोपे, दुकान लागत नाही, रस्त्यावरची टोपली पुरते. त्यामुळे ज्यांच्या गाण्याला आजवर बाजार नव्हता त्यांना तो मिळाला. वेसाव्याच्या कोळीवाड्यातून ‘वेसावकर आणि मंडळी’ आले. कोळीगीत त्याआधी शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्यामुळे सुशिक्षित घरांत पोचले होते, पण आता खुद्द कोळीवाड्याने गायलेली, बँडच्या दणक्यातली, एकवीरेच्या यात्रेची आणि हळदीची गाणी घराघरांत वाजू लागली. मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य हवेच, असे ठरून गेले. हातात वल्हे आणि डोक्याला रुमाल बांधलेली ती मुले बहुधा कोळी नसत. ज्यांचे ते नृत्य आहे, त्यांच्या मासळीच्या वासाची त्याच शाळांत टिंगल होई, ही गोष्ट त्या समाजातल्या अनेकांना सलत राहिली आहे.

कॅसेटचा सर्वांत मोठा आवाज शिंदे घराण्याचा. प्रल्हाद शिंदे कव्वाली, भीमगीते आणि विठ्ठलाची भक्तिगीते सारख्याच ताकदीने गायले. आंबेडकरी जलशांच्या परंपरेतून घडलेला हा बुलंद आवाज आषाढीला पंढरपुरात, ब्राह्मणांच्या घरांत, वारकऱ्यांच्या दिंडीत घुमला. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद यांनी १९८० च्या दशकात पोपटाच्या गाण्यासारख्या ठसकेबाज गाण्यांनी महाराष्ट्र हलवला. त्या एका गाण्यावर झालेली टीका आणि त्याच्या कॅसेटचा खप या दोन्ही गोष्टी तेव्हाच्या वर्तमानपत्रांना पुरून उरल्या. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीतावर आणि गणपतीत शिंद्यांच्या भक्तिगीतावर तेच बेंजोवाले, त्याच पावलांनी वाजवत आणि नाचवत आले. दोन मिरवणुकींतले बघे मात्र सहसा एक नसत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या परत सुरू झाल्याच नाहीत. गिरणगावातली भजनी मंडळे आणि जाखडीची मंडळे विरळ होत गेली, मोठी गणेश मंडळे मात्र फुगली. बेकार झालेल्या कामगारांच्या मुलांना मिरवणूक हा वर्षातला स्वतःचा एक दिवस झाला.

पुण्यात उलट दिशेने प्रवास झाला. ढोल-ताशा हे आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांचे आणि गावगाड्यातल्या वाजंत्र्यांचे वाद्य. १९७० च्या दशकात ज्ञान प्रबोधिनीने आप्पा पेंडसे यांच्या प्रेरणेने शाळेतल्या मुलांचे बर्ची आणि ढोल पथक रस्त्यावर आणले, मुलीही त्यात आल्या. रमणबागेसारख्या शाळांनी तीच वाट धरली. २००० नंतर पथकांची लाटच आली. संगणक कंपन्यांतली मुले-मुली पांढरा सदरा आणि भगवा फेटा घालून, कमरेला ढोल बांधून, पावसाळाभर नदीकाठी सराव करू लागली. मुलींनी ढोल उचलला, हा या लाटेचा खरा लाभ. परंतु हलगी आणि ताशा ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने होता त्यांना ते वाद्य हातात घेताना काय आठवते, हा प्रश्न पथकांच्या उत्साहात फारसा विचारला गेला नाही. शेकोटीवर कातडे तापवून हलगी कडक करायची, गावच्या मिरवणुकीपुढे वाजवत चालायचे आणि जेवायला वेगळे बसायचे, ही मातंग समाजाच्या अनेक घरांतली दोन पिढ्यांमागची आठवण आहे. बाबासाहेबांच्या हाकेनंतर ज्यांनी गावकीची कामे सोडली त्यांतल्या अनेकांनी वाजवणेही सोडले.

नाचाकडे पाहताना वर्ग कसा आडवा येतो, हे डान्सबारच्या खटल्यात न्यायालयासमोरच आले. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधल्या नाचावर बंदी घातली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. बारमध्ये नाचणाऱ्या बायकांमध्ये पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या अनेक होत्या. हिंदी चित्रपटांतलीच गाणी, तेच नाच. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही तरतूद रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तोच नाच तारांकित हॉटेलात सभ्य आणि साध्या बारमध्ये अनैतिक, हा भेद समानतेच्या तत्त्वात बसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’ने आधीचे सगळे मागे टाकले. या चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद मुद्रित झाला होता. ‘झिंगाट’ मात्र थेट वरातीच्या ठेक्यातले. चित्रपटगृहात लोक पडद्यापुढे जाऊन नाचले. शंभर कोटींचा गल्ला करणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. वरच्या जातीच्या मुलीने खालच्या जातीच्या मुलावर प्रेम केल्याबद्दल दोघांचा खून होतो, ही त्याची कथा. गावोगावच्या लग्नांत, जी लग्ने जात पाहूनच ठरलेली असतात, त्या चित्रपटातले गाणे हमखास वाजते.

बेंजो आणि बँड यांना आता डीजेने मागे रेटले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाने रात्री दहानंतर भोंगे सहसा बंद करावे लागतात, आणि डीजेच्या भिंतींविरुद्धचे खटले दरवर्षी गणपतीच्या तोंडावर उच्च न्यायालयात उभे राहतात. नव्या गाण्यांचा उगम सध्या ठाणे, रायगड, नवी मुंबई या पट्ट्यातल्या आगरी-कोळी हळदीत आहे. या समाजात लग्नाचे विधी धवलारीण नावाची गाणारी बाई चालवत असे, तिचे धवळे म्हणजेच मंत्र. तिच्या शेजारी आधी बँड आला, मग बेंजो, मग डीजे. हळदीची गाणी आता गावातली मुले घरीच मुद्रित करून यूट्यूबवर टाकतात आणि ती महिन्याभरात लंडन-दुबईच्या मराठी मंडळांत वाजतात. शहरातल्या ज्या घरांत हळद म्हणजे सकाळचा अर्ध्या तासाचा विधी होता, तिथेही पिवळे कपडे, मांडव आणि नाच यांचा स्वतंत्र दिवस ठरला आहे. खुद्द आगरी समाजातले वडीलधारे मात्र या खर्चाने आणि दारूने चिंतेत आहेत. काही गावांनी बैठका घेऊन हळदीतली दारू आणि डीजे यांवर निर्बंध घालण्याचे ठराव केले आहेत, आणि त्यावर गावागावांत तरुणांशी वाद चालू आहे.